आबांच्या करवतीची किंमत

लग्न होऊन मी सांगवीला आले, तेव्हा घराचा उंबरा दिसायच्या आधी गंजक्या लोखंडाला वळसा घालावा लागला. वरातीतल्या बायका लुगडी सावरत, अंग चोरत एकीमागून एक पुढे जात होत्या आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी हसून म्हणालं, "भंगारवाल्याकडं दिली की गं पोरगी." मी मान खाली घातली. नव्या नवरीची मान खालीच असते, त्यामुळे माझ्या तोंडावर काय उमटलं ते कोणाला दिसलं नाही.

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आजही ते जिभेवर येत नाही, म्हणून इथेही मी 'हे'च म्हणते. लढाईच्या काळात हे खडकीला लष्कराच्या दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होते. लढाई संपल्यावर गावी परतले आणि शेती बघायला लागले. नीरेच्या काठची बागायत जमीन, थोडा ऊस, कांदा, बारामतीच्या बाजारासाठी वांगी-मिरची. पण खडकीतून येताना लोखंडाचं वेड बरोबर घेऊन आले. त्या वर्षांत तालुक्यात ट्रॅक्टर मोजकेच होते. हौसेनं घेतलेले काही ट्रॅक्टर सुटे भाग मिळेनात म्हणून बंद पडले, विकले गेले, आणि त्यांची अवजारं मागे लिंबाखाली तशीच पडून राहिली. तव्यांचे नांगर, सऱ्या पाडायचे रिजर, नुसतीच एखादी बसायची बैठक. त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. असलं काही कुठं दिसलं की हे बैलगाडी घेऊन निघायचे. घरी आणून रॉकेलनं धुवायचे, तारेच्या ब्रशानं घासायचे, दोन मोडक्यांतून एक धड बनवायचे. विकायचे क्वचित. कोणाला नड असली तर वापरायला द्यायचे आणि परत आलं की पुन्हा घासत बसायचे.

दुसरं म्हणजे लोक यांना किंमत करायला बोलवायचे. जुनं अवजार घ्यायचं असो की विकायचं असो, सुप्यापासून इंदापूरपर्यंत कोणी ना कोणी यायचंच. हे जायचे, हातातल्या पान्यानं लोखंडावर टोला मारायचे आणि कान लावून ऐकायचे. मग अवजार उलटं करायचे, किंवा ते जड असलं तर स्वतः जमिनीवर आडवे होऊन खालून बघायचे. फडक्यानं पुसून पुन्हा एकदा बघायचे. उठून थोडा वेळ उकिडवे बसायचे आणि मग बोलायचे. आकडा सांगायचे नाहीत, बैलांत सांगायचे. "ह्याला एक चांगला बैल." "ह्याला निम्मा बैलबी नको." लोकांना ते लगेच समजायचं. एकदा सुप्याला सख्ख्या मामाच्या नांगराची किंमत यांनी निम्म्या बैलाची सांगितली, तर मामा पुढं कितीतरी दिवस आमच्या उंबऱ्याला आला नाही. तरी यांची रीत काही बदलली नाही. मोबदला म्हणून घ्यायचे तो फक्त चहा.

मला मात्र या सगळ्याचं अवघड वाटायचं, कारण मी ज्या घरातून आले तिथं लोखंड असं टाकाऊ नव्हतं.

माझं माहेर इंदापूरच्या अलीकडचं, कॅनॉलच्या कडेचं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावात ट्रॅक्टर आणणारे पहिले. आणि नुसता ट्रॅक्टर नाही, त्यावर चालणारी लाकडं कापायची गोल करवतही त्यांनी आणली. बैलगाडीच्या चाकाच्या निम्म्यानं भरेल एवढं तिचं पातं होतं. बिडाची भक्कम चौकट, पुढं पाळण्यासारखी झुलणारी फळी. त्या फळीवर बाभळीचा ओंडका ठेवायचा, ट्रॅक्टरच्या चाकावरून लांब पट्टा चढवायचा आणि फळी पुढं ढकलायची. कॅनॉलच्या पलीकडं आवाज जायचा. गुऱ्हाळं सुरू झाली की चुलाणाचं लाकूड आमच्याकडंच कापून जायचं. लग्न कोणाचंही असो, सरपण आमच्या दारातून. आबा सांगायचे, ही करवत मुंबईच्या गोदीतून पेटीबंद आणली, आपल्या हातानं खिळे उपटले तेव्हा आत विलायती भुसा होता. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की तो भुसा मला आठवतो असं मला वाटायचं. लाल रंग दिलेली ती करवत गोठ्याशेजारी स्वतंत्र छपरात असायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची.

लग्नानंतर पहिल्यांदा आबा सांगवीला आले, तेव्हा मी सकाळपासून अंगण झाडून, सारवून ठेवलं होतं. लोखंड काही मला हलवता आलं नाही. आबा आत आले, काठी टेकून उभे राहिले आणि एकेका अवजाराकडे बघत म्हणाले, "जावईबापू, लोकांनी टाकलेलं काय गोळा करताय? घ्यायचं तर नवं घ्यावं मानसानं."

यांनी नुसतं हसून म्हटलं, "मामा, नव्यात काय बघायचं असतंय?" सासऱ्याला हे मामा म्हणायचे.

आबाही हसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्या दिवशी मला आबांचं बोलणं बरोबर वाटलं आणि नवऱ्याची लाज वाटली, हे मी लपवत नाही.

पुढं आई गेली. ट्रॅक्टर थकला, तो विकून टाकला. आबांचे गुडघे गेले आणि ते ओट्यावरच्या बाजेवर बसून राहायला लागले. माझे दोघे भाऊ वेगळे निघायचं म्हणू लागले. भांडण असं नव्हतं. थोरल्याला विहिरीखालचं रान हवं होतं. धाकट्याला अवजारांची आवड, त्याला नांगर, रिजर, करवत हे सगळं हवं होतं. गावात आता दुसऱ्या एकाकडं ट्रॅक्टर आला होता, त्याच्याशी बोलून करवत भाड्यानं चालवायची असा धाकट्याचा बेत होता. रान आणि लोखंड समोरासमोर ठेवायचं, तर लोखंडाची किंमत व्हायला हवी होती.

भाऊ म्हणाले, इंदापूरच्या कोणा मिस्त्रीला बोलवू. आबा म्हणाले, "मिस्त्री न्हाय. सांगवीचं पाव्हणं येऊ द्या. त्यांच्या तोंडून ऐकू द्या मला."

हे धाकट्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, आबांनी जावयाचा मान केला. इतकी वर्षं ज्याच्या लोखंडाला नावं ठेवली, त्यालाच बोलावलं. मी नवं लुगडं नेसून येष्टीत बसले. वाटेतलं पिंपळी गाव मागं पडेपर्यंत मी बोलत होते आणि हे खिडकीतून बाहेर बघत होते.

माहेरच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. दोन्ही भाऊ, भावकीतले चार वडीलधारे आणि शेजारचे तात्या बसले होते. तात्या आबांच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे सोबती. आबा ओट्यावर बाजेवर होते. मी आणि वहिनी दाराच्या आत उभ्या होतो.

नांगराची किंमत झाली, रिजरची झाली. दोन्हीला कोणी हरकत घेतली नाही. मग हे करवतीच्या छपरात गेले. मला दारातून सगळं दिसत होतं. यांनी चौकटीवर पान्यानं टोला मारला. टण्ण वाजलं. दुसऱ्या बाजूला मारला, तिथंही वाजलं. मग पात्याचा दांडा जिच्यावर फिरतो त्या बिडाच्या बैठकीवर मारला आणि तिथं मातीच्या फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. बसलेल्यांपैकी कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नसावं. मी मात्र आमच्या अंगणात असे आवाज रोज ऐकत होते. यांनी अंगठ्याच्या नखानं तिथला लाल रंग जरासा खरवडला. खाली बघितलं. आणि मग मान वर करून आबांकडे बघितलं.

आबा यांच्याकडेच बघत होते. डोळे न हलवता. त्यांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते.

मी वाट बघत होते की आता हे आडवे होतील, खालून बघतील. हे आडवे झालेच नाहीत. फडकं खिशातच राहिलं. छपरातून बाहेर येऊन उकिडवे न बसता उभ्या-उभ्याच म्हणाले, "करवतीला एक जोडी. चांगली खिलार जोडी."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. धाकटा खूश झाला, कारण त्याला करवत त्याहूनही मोलाची वाटत होती. थोरल्यानं विहिरीखालचं रान घेतलं, धाकट्यानं अवजारं. विषय मिटला.

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मग बाजेवर आडवे होऊन भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं दमले असतील.

वहिनी माझ्या कानाशी हसून म्हणाली, "वन्सं, सासऱ्याच्या करवतीला दाजींनी सोन्याचं पाणी दिलं." ती सहज बोलली असेल. पण मला कळलं होतं. ज्यानं सख्ख्या मामाला सोडलं नाही, तो माझा नवरा माझ्या बापासाठी खोटं बोलला होता. आणि तसं बोलावं लागलं म्हणजे करवतीत काहीतरी होतं. पेटी, खिळे, विलायती भुसा, सगळं माझ्या मनात एकदम हललं. मी चहाच्या कपबश्या भरायला आत गेले आणि उगाच पुन्हा पुन्हा विसळत बसले.

परतीच्या येष्टीत मी काही विचारलं नाही. हेच आपण होऊन म्हणाले, "धाकट्याला सांगून ठेवलंय. चालवायच्या आधी मला बोलीव म्हणून. बैठक बघून देतो म्हणलंय."

मी म्हटलं, "बरं."

धाकट्यानं बोलावलंच नाही. गुऱ्हाळांचे दिवस जवळ आले तसं त्याला वाटलं, बेअरिंग जुनी झाली असतील, ती बदलून मग पट्टा चढवावा. त्यासाठी तो बारामतीला गेला आणि जुन्या लोखंडाचा व्यापार करणारे एक मुसलमान गृहस्थ होते, त्यांना घेऊन आला. सगळे त्यांना भाई म्हणायचे. आमच्या यांचे ते जुने दोस्त, आमच्या अंगणात तासन् तास बसणारे. भाईंनी करवत आडवी केली, रंग खरवडला. खाली लांबी, म्हणजे भेग बुजवायचा लगदा, भरलेली, लांबीखाली वेल्डिंगचा जाड सांधा आणि सांध्याच्या कडेनं नवी चीर गेलेली. भाई म्हणाले, "हिला पट्टा लावू नका. बैठक सुटली तर पातं कुठं जाईल सांगता येत न्हाय." मग विचारलं, "किंमत कुणी केली हिची?" धाकट्यानं सांगितलं. भाई पुढ्यात आलेला चहा तेवढा प्यायले आणि निघून गेले.

हे मला धाकट्याच्याच तोंडून कळलं, आमच्या अंगणात, सगळ्या आळीदेखत. सकाळची वेळ होती. त्यानं गाडीत करवत घालून आणली होती. दोघांना हाताशी घेऊन ती खाली उतरवली आणि मोठ्यानं म्हणाला, "दाजी, तुमची किंमत तुमच्याकडं ठेवा."

हे गोठ्यातून हात पुसत आले. करवत बघून त्यांना काय झालं ते समजलं.

"म्या तुमच्या शब्दावर रान सोडलं," धाकटा म्हणाला. "त्याचं जाऊ द्या. पर उद्या पट्टा चढीवला असता आन् पातं सुटलं असतं, तर कुणाचा गळा गेला असता, दाजी? तुमाला दिसलं न्हवतं? तुमाला?"

"दिसलं हुतं," हे म्हणाले.

आळीतल्या बायका हांडे घेऊन उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून आली होती. धाकटा यांच्या इतका जवळ आला होता की मला वाटलं हात उगारेल. त्यानं माझ्याकडे बघितलं. "आक्का, तुला ठावं हुतं?"

हो म्हणावं तर भाऊ जातो, नाही म्हणावं तर खोटं. आणि का केलं ते सांगावं तर आबा सगळ्या जगापुढं उघडे पडतात. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. "थोरल्याच्या बाजूनं झालात व्हय दोघं?" तो म्हणाला.

हे आत गेले. दावी सोडून आमची बैलजोडी बाहेर घेऊन आले आणि कासरा धाकट्याच्या हातात दिला. "म्या एक जोडी म्हणलं हुतं. ही घे. चुकलं माझं."

धाकटा क्षणभर घुटमळला. त्याला हे अपेक्षित नव्हतं. पण एवढी माणसं बघत होती आणि त्याचाही राग तिथं पोचला होता जिथून माणसाला मागं येता येत नाही. त्यानं आमचे बैल गाडीच्या मागं बांधले आणि निघाला. बैल वळून वळून बघत होते. आळी हळूहळू रिकामी झाली. करवत अंगणात राहिली.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटायचे. कांद्याची लागण तोंडावर आणि घरात बैल नाहीत. हे शेजाऱ्याची जोडी मागायला जायचे. ती मिळायची, पण शेजारीण मला विहिरीवर विचारायची, "तुमची बैलं कुठं गेली वं?" तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. किंमत करायला कोणी येईना. भाईसुद्धा फिरकले नाहीत. एकदा न राहवून मी यांना म्हटलं, "आबांचं झाकायला केलंत ना? मग धाकट्याला तेवढं तरी सांगा. निदान थोरल्याची बाजू घेतल्याचा डाग तरी जाईल."

हे रिजरला तेल लावत होते. म्हणाले, "मग झाकलं काय?"

मी भाकऱ्या थापायला आत गेले.

एके दिवशी इंदापूरकडून आलेल्या पाहुण्याबरोबर आबांचा निरोप आला. दोघांनी या, असा. मागून समजलं ते असं. धाकट्यानं आमचे बैल नेऊन गोठ्यात बांधले होते. आबांना ओट्यावरून ते दिसले. सांगवीला आले तेव्हा त्यांनी त्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवला होता, त्यांनी ओळखले. "पाव्हण्यांची बैलं हितं कशी?" त्यांनी विचारलं आणि धाकट्यानं मनातला सगळा राग बोलून टाकला. आबांनी ऐकून घेतलं आणि त्याच माणसांना पुन्हा बोलवा म्हणून सांगितलं.

मला वाटलं, आबा जावयाला सगळ्यांपुढं बोलणार. तेच अंगण, त्याच घोंगड्या, तेच लोक. कोणी यांना "या" म्हटलं नाही. तात्यांनी सरकून जागा दिली तेवढीच. दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी या वेळी दाराच्या आत गेले नाही, ओट्याच्या खांबाशी उभी राहिले.

आबा बाजेवरून उठले. काठीच्या आधारानं ओट्याच्या कडेला आले आणि उभे राहूनच बोलले.

"ती करवत म्या पेटीबंद आणली न्हाय. गोरा साहेब आपला मळा मोडून मायदेशी गेला, तवा त्याच्या लिलावात घेतली. बैठक फुटलेली हुती म्हणून माझ्या हाताला लागली. बारामतीला वेल्डिंग करून घेतलं, वर लांबी भरली, रंग दिला. गावात आणली आन् पहिल्या दिशी कुणीतरी इचारलं, नवी का? म्या व्हय म्हणलो. त्यावर मग पेटी आली, खिळं आलं, भुसा आला."

आबा यांच्याकडे वळले.

"तुमाला मी मुद्दाम बोलावलं हुतं. ऐकून हुतो, हा मानूस मामालाबी सोडत न्हाय. म्हणलं, ह्याच्या तोंडून एकदा खरं निघू दे. माझ्या तोंडून निघत न्हवतं. तुमी टोला मारला तवा मला वाटलं, सुटलो. आन् तुमी माझ्याकडं बघितलंत आन् जोडी म्हणालात." आबांनी काठीवरचा हात बदलला. "म्या दया मागितली न्हवती, जावईबापू. किंमत मागितली हुती."

हे मान खाली घालून बसले होते. त्यांनी ती वर केली नाही.

मग तात्या खाकरले. मला वाटलं आबांना धीर देणारं काही बोलतील. त्यांना तसंच बोलायचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते म्हणाले, "आबा, बसा आता. कशापायी जिवाला लावून घेता? आमाला पहिल्यापास्नं ठावं हुतं. बारामतीवरनं ती गाडीत घालून आणली, ती गाडी हाकणारा माझाच गडी. त्यानं आल्या दिशीच सांगितलं हुतं सगळ्या गावाला."

भावकीतला एकजण हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. मग दुसऱ्यालाही आवरेना.

आबा उभेच होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला नको होतं, पण बघितलं. इतकी वर्षं दसऱ्याची माळ, गोदीची गोष्ट, आल्यागेल्याला छपरात नेऊन दाखवणं, आणि समोरचा प्रत्येकजण मान डोलावत होता, माहीत असून. खोटं मोडलं त्याची लाज ते पेलणार होते, तयारी करूनच उभे राहिले होते. पण हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी काठी चाचपली, वळले आणि आत निघून गेले.

पुढचं काम बाकीच्यांनीच केलं. विहिरीखालच्या रानातला तुकडा धाकट्याला मिळाला. थोरला कुरकुरला, पण कबूल झाला. आमचे बैल आम्हाला मिळाले. धाकटा यांच्याजवळ येऊन म्हणाला, "दाजी, मला काय ठावं..." हे म्हणाले, "तुझं काय चुकलं न्हाय." त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. माझ्याशी मात्र तो कितीतरी दिवस जपून बोलायचा, कारण त्यानं मला विचारलं तेव्हा मी गप्प राहिले होते.

त्या दिवशी मी आबांचं ताट घेऊन आत गेले. ते अंधाऱ्या खोलीत धान्याच्या कणगीला टेकून बसले होते. मी ताट पुढं ठेवलं. त्यांनी विचारलं, "पोरी, तुलाबी ठावं हुतं का?"

"न्हाय आबा," मी म्हटलं. "मला पेटीच खरी वाटायची."

त्यांनी ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "मग तुझ्यापुढं तरी न्हवतं बोलायला पायजे." आणि भाकरी मोडली. मला सांगायचं होतं की तुम्ही बोललात ते बरं केलंत. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. मला ती पेटी परत हवी होती. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि बाहेर आले.

आबा त्यानंतर सांगवीला कधी आले नाहीत. मी माहेरी गेले की बोलायचे, नातवंडांना जवळ घ्यायचे, यांची खुशाली विचारायचे. पण हे समोर आले की दोघंही पाऊसपाण्यावर बोलत राहायचे. करवतीचं बीड भाईंनी वजनावर नेलं. ते न्यायला आले तेव्हा पहिल्यासारखे अंगणात बसले, यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सासऱ्याचं मला ठावं असतं तर मीबी तेच म्हणलो असतो." हे म्हणाले, "म्हणू नका कधी."

हळूहळू लोक पुन्हा यायला लागले. हे जायला लागले. सगळं आधीसारखंच, टोला, फडकं, आडवं होऊन बघणं. पण एक नवीन झालं होतं. ते मला कोणी सांगितलं नाही, बारामतीच्या बाजारात कळलं. मी मिरच्यांची पाटी घेऊन बसले होते. शेजारी सणसरकडची एक बाई वांगी घेऊन बसली होती. मी कुठली, कोणाची हे तिनं विचारून घेतलं आणि मग तिचा सूर बदलला.

"तुमचंच मालक व्हय ते किंमत करणारं? गेल्या महिन्यात आमच्याकडं आलं हुतं. मामंजींचा नांगर बघायला. आल्या आल्या म्हणालं, तुमी हितं थांबू नका, तिकडं बांधावर जाऊन बसा, बोलावल्यावर या. एवढं म्हातारं मानूस, त्याच्याच अंगणातनं त्याला उठवलं. उन्हात बसलं हुतं बिचारं, गुन्हेगारावानी. अशी काय रीत असती का?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला मी काय सांगणार? कशापासून सुरुवात करणार, यांच्याकडं बघणाऱ्या आबांच्या त्या डोळ्यांपासून?

"चुकलं त्यांचं," मी म्हटलं आणि गिऱ्हाईक नसताना मिरच्या खालीवर करत बसले.